ओढ ओळखा : गाडीचं पेट्रोल जातं कुठे?



गेल्या उन्हाळ्यात आपल्या मंडळाच्या सहलीत मदतनिधीसाठी स्टॉल लागले होते, त्यांत एक माझा होता. एका बाजूला वडापाव, दुसऱ्या बाजूला मेंदी, त्यामुळे पहिला तासभर माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. मग मी मोठ्या अक्षरांत पाटी लिहिली : "ही गाडी सपाट जमिनीवर हळूहळू ओढत ठेवायला किती किलोचा जोर लागेल? एका अंदाजाला एक पाउंड." किलोचा जोर म्हणजे काय, तर विहिरीच्या रहाटावरून दोर सोडून त्याला किती वजन टांगलं की गाडी आपसूक चालत राहील, तेवढा.

गाडी माझीच, २०१४ सालची, पेट्रोलची. मुलगा आत बसलेला, किल्ली फिरवून स्टिअरिंग मोकळं केलेलं, गिअर न्यूट्रलला आणि त्याचा पाय ब्रेकपाशी तयार. सगळं मिळून वजन साधारण १३०० किलो. पुढच्या हुकाला दोर, आणि दोराला इंडियाला जाताना बॅगा तोलायचा तो छोटा डिजिटल काटा. तो आपल्या प्रत्येकाच्या घरी असतोच.

एका काकांनी ठामपणे ६०० किलो लिहिले. "अहो, निम्मं तरी धरायलाच हवं ना!" बहुतेकांचे अंदाज २०० ते ३०० च्या दरम्यान होते. एक नऊ वर्षांची मुलगी "वीस" म्हणाली, पण तिच्या आईने "अगं, नीट विचार कर" म्हणत तिला २०० लिहायला लावलं. उत्तर निघालं १४ किलो. (निम्म्या लोकांनी काटाच बिघडलाय असं ठरवून तो स्वतःच्या पिशव्यांवर तपासून पाहिला. काटा बरोबर होता.)

त्यानंतर प्रश्नांची जी सरबत्ती झाली, तिच्यातून हा लेख निघाला आहे. मुख्य प्रश्न एकच होता, आणि तो तुमच्याही मनात असणार : "माझ्या गाडीच्या कागदावर गॅलनला ६० मैल लिहिलंय. मला ४५ च्या वर कधी मिळत नाहीत. कंपन्या खोटं बोलतात का?" मी बरीच वर्षं गाड्यांच्या चाचण्यांच्या कामात घालवली. याचं उत्तर "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात देता येत नाही. तो ६० चा आकडा कसा जन्माला येतो, ते आधी बघायला हवं.

जमाखर्च

आपले खजिनदार प्रत्येक पाउंड कुठे गेला ते सांगतात, तसा पेट्रोलचाही हिशोब मांडता येतो. इंजिनात निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते, ते सोडून देऊ. चाकांपर्यंत जो जोर पोचतो तो सपाट रस्त्यावर, एकसारख्या वेगात, मुख्यतः दोन ठिकाणी खर्च होतो. एक टायर आणि दुसरी हवा. बेअरिंग, गिअर, ब्रेकचं किंचित घासणं यांचा वाटा लहान आहे. या सगळ्या विरोधाच्या बेरजेला आमच्या धंद्यात रोड लोड म्हणतात.

टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो, पुढे गेला की पुन्हा गोल होतो. या दाबण्या-सुटण्यात रबर गरम होतं, आणि ती उष्णता आपल्याच पेट्रोलमधून येते. हा विरोध वेगाबरोबर फारसा बदलत नाही. माझ्या गाडीचे १४ किलो जवळजवळ सगळे टायरचेच. हवेचं तसं नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. माझ्यासारख्या मध्यम आकाराच्या गाडीला ताशी ३० मैलांवर हवेचे सुमारे ७ किलो पडतात, म्हणजे एकूण २१. तीच गाडी मोटरवेवर ७० मैलांनी निघाली की हवेचेच सुमारे ४० होतात आणि एकूण ५४. त्याच एका मैलासाठी अडीच पट काम! छतावर सामानाची पेटी बांधून कॉर्नवॉलला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता मुद्दा असा की गॅलनला किती मैल, ही अधिकृत चाचणी रस्त्यावर होतच नाही. ती प्रयोगशाळेत, रोलरवर होते. गाडी जागच्या जागी उभी, चाकं रोलरवर फिरतात आणि नळीतून धूर गोळा होतो. तिथे ना हवा अंगावर येते, ना खरा रस्ता असतो. म्हणून रोलरला आधी सांगावं लागतं की ही गाडी रस्त्यावर असती तर ३० मैलांवर तिला २१ किलोचा आणि ७० वर ५४ किलोचा विरोध झाला असता, तेवढाच तू दे. रोलर तेवढाच देतो. तो आकडा जर ५४ ऐवजी ४५ सांगितला, तर पुढची सगळी चाचणी अगदी प्रामाणिकपणे होऊनही उत्तर चुकीचंच येतं. दुकानदाराचा हात सरळ, पण वजनमापच हलकं! म्हणून रोड लोड कसा मोजला, कुठल्या पद्धतीने मोजला आणि कोणी मोजला, यावर सगळी मदार आहे.

सोहो रोडच्या पुढे

ओढून मोजणं ही सगळ्यांत जुनी पद्धत, आणि तिचं एक नामांकित उदाहरण आपल्या दारातलंच आहे. हँड्सवर्थला सोहो रोडवर आपण भाजी-मसाले आणायला जातो. तोच रस्ता पुढे होलिहेड रोड होतो. लंडनहून कॉव्हेंट्री, बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टनवरून वेल्समधल्या होलिहेड बंदरापर्यंत, म्हणजे आयर्लंडच्या बोटीपर्यंत, टपालगाड्या नेणारा हा रस्ता थॉमस टेल्फर्ड यांनी सुधारला. त्यांच्या हाताखाली जॉन मॅकनील नावाचे आयरिश इंजिनिअर होते. १८३० च्या सुमारास त्यांनी घोड्याची ओढ मोजणारं एक उपकरण केलं, आणि होलिहेड रस्त्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर गाडीला किती जोर लागतो ते नोंदवलं.

त्यांची गाडी २१ हंड्रेडवेटची, म्हणजे जवळपास १०६७ किलोंची. नीट बसवलेल्या दगडी फरशीवर ओढ भरली ३३ पौंड, म्हणजे १५ किलो. जुन्या खडीच्या रस्त्यावर ६५ पौंड. वाळू-गोट्यांच्या कच्च्या रस्त्यावर १४७ पौंड, म्हणजे तब्बल ६७ किलो. खडीखाली मोठ्या दगडांचा पाया घातला तर ४६ पौंड. घोडा तोच आणि गाडीही तीच, पण रस्ता चांगला असला की निम्म्याहून कमी श्रमात काम. रस्त्याच्या पायावर पैसे घालावेत की नाही हा तेव्हा वादाचा विषय होता, आणि या आकड्यांनी त्या वादाला मोजता येण्यासारखा आधार दिला.

माझ्या गाडीचे १४ आणि मॅकनील यांच्या फरशीवरचे १५ जवळजवळ सारखे दिसले म्हणून चकित होऊ नका. लोखंडी धाव गुळगुळीत दगडावर फार दबत नाही, म्हणून हळू चालताना ती काही वाईट नव्हती. हवेच्या टायरचा खरा फायदा खडबडीत रस्त्यावर आणि वेगात कळतो. एम सिक्सवरून दिसणारी फोर्ट डनलॉपची अवाढव्य इमारत, जिथे आता कचेऱ्या आणि हॉटेल आहे, ती त्या फायद्यावरच उभी राहिली.

ओढून मोजायची पद्धत सरळ आहे, पण तिच्यात दोन अडचणी. पहिली म्हणजे ती हळू वेगातच जमते. ७० मैलांवर दुसऱ्या गाडीने ओढायचं म्हटलं तर पुढची गाडी मागच्या गाडीची हवा अडवते, मग मोजलं काय? दुसरी अडचण आहे उतार. आमच्या स्टॉलवर एका दिशेने ओढताना काटा २२ दाखवत होता आणि उलट दिशेने ६. पार्किंग डोळ्यांना अगदी सपाट दिसत होतं! सरासरी १४, म्हणजे दोन्ही बाजूंना ८ किलोचा फरक उताराचा. १३०० किलोंच्या गाडीला ८ किलो म्हणजे शंभर मीटरला साठ सेंटिमीटरचा उतार. ब्रॉम्सग्रोव्हजवळची लिकीची रेल्वेची चढण ३७.७ ला १ अशी आहे. तेवढ्या चढावर माझ्या गाडीला नुसत्या चढाचेच ३४-३५ किलो लागतील. उलट शंभर मीटरला फक्त दहा सेंटिमीटर एवढा, कोणाला दिसणारही नाही असा उतार असला तरी १.३ किलोची चूक होते, आणि टायरच्या हिशोबात ती नऊ-दहा टक्के भरते. एकाच दिशेने मोजून आलेला आकडा म्हणूनच कोणी दाखवला तर आधी विचारावं, उतार कुठल्या बाजूला होता?

मोकळी सोडून द्या

बर्मिंगहॅमचे फ्रेडरिक लँचेस्टर यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. या देशातल्या पहिल्या पेट्रोल मोटारींपैकी एक त्यांनी याच शहरात बांधली. १९०५ मध्ये त्यांनी एका लंबकाच्या उपकरणावर निबंध मांडला. गाडी किती झपाट्याने वेग घेते किंवा सोडते, ते हे उपकरण थेट नोंदवत असे. यामागचा विचार साधा आहे. गाडीचं वजन ठाऊक असलं आणि तिचा वेग किती झपाट्याने उतरतो ते कळलं, तर तिला मागे खेचणारा जोर गुणाकाराने काढता येतो. दोर नको, काटा नको, पुढे दुसरी गाडीही नको.

आजची कोस्टडाउन पद्धत याच तत्त्वावर चालते. गाडी वेगात न्यायची, न्यूट्रलला टाकायची आणि सोडून द्यायची. ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर नाही. वेग दर १० किलोमीटरने उतरायला किती सेकंद लागले ते नोंदवत जायचं. माझ्या गाडीला ताशी ११५ वरून १०५ किलोमीटरवर यायला जेमतेम सात-साडेसात सेकंद लागतील, कारण तिथे हवा जोरात अडवते. ७५ वरून ६५ ला सुमारे तेरा, आणि २५ वरून १५ ला पंचवीसच्या आसपास. शंभर-सव्वाशेचा वेग पूर्ण उतरायला जवळजवळ तीन मिनिटं जातात आणि तोवर गाडी दोनेक किलोमीटर गेलेली असते. सार्वजनिक रस्त्यावर हे करून बघू नका, हायवे कोडलाही न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं मंजूर नाही.

मग करायचं कुठे? आपल्यापासून वीस-पंचवीस मैलांवर, नन्इटनजवळ ए फाइव्हला लागून, युद्धकाळातल्या विमानतळाच्या जागेवर १९४६ साली मोटार उद्योगाची संशोधन संस्था सुरू झाली. तीच मायरा. २०१५ पासून ती जपानच्या होरिबा कंपनीकडे आहे. पुण्याहून इकडे आलेल्या आपल्या इंजिनिअर मंडळींना हे नाव सांगायला नको. तिकडे पुण्यात आपली एआरएआय १९६६ पासून आहे. मी कॉलेजात असताना आम्ही पहाटे तिच्या टेकडीवर फिरायला जायचो. पण दोन किलोमीटर सरळ, सपाट रस्ता वेताळ टेकडीवर कुठून असणार! असे रस्ते नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, व्हीआरडीईच्या आवारात आहेत, आणि इंदूरजवळ पीथमपूरला २०२१ साली ११.३ किलोमीटरची मोठी धावपट्टी खुली झाली.

कोस्टडाउनचा मोठा गुण असा की अख्खी गाडी, खऱ्या टायरवर, खऱ्या हवेत मोजली जाते. आरसे, फटी, चाकांच्या खाचा यांतलं काहीच सुटत नाही. पण खरी हवा म्हटली की खरा वाराही आला. सेकंदाला २ मीटर एवढा हलका वारा समोरून आला तरी ताशी ११० किलोमीटरवर हवेचा विरोध १३ टक्क्यांनी वाढतो. म्हणून प्रत्येक चाचणी दोन्ही दिशांनी करतात. उतार त्यात पूर्ण कटतो, वारा जवळजवळ कटतो. सरासरी वारा सेकंदाला ५ मीटरच्या पुढे असेल तर साध्या पद्धतीने चाचणीच घेता येत नाही. गाडीच्या नाकावर वारा मोजायचं यंत्र बसवलं तर थोडी जास्त सूट मिळते. रस्ता कोरडा हवा. तापमान ५ अंशांच्या खाली नको, कारण थंडीत टायर कडक होतात आणि हवा दाट होते. ५ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा पाच टक्के जड असते, म्हणून शेवटी सगळं गणित २० अंशांवर आणून ठेवतात. टायर गरम व्हावेत म्हणून आधी निदान वीस मिनिटं गाडी पळवावी लागते.

इंग्लंडमध्ये कोरडा, उबदार आणि वारा नसलेला दिवस! मी अशा दिवसाची वाट बघत थर्मास घेऊन बसलेलो आहे. वारा बहुतेक वेळा पहाटे पडतो, म्हणून रात्रभर जागायचं, आणि चार वाजता सगळं जुळून आलं की नेमका पाऊस सुरू. घरून हिचा फोन, "झालं का तुमचं घसरणं?" आमच्या घरी कोस्टडाउनला अजून घसरणंच म्हणतात.

बंद दाराआडच्या पद्धती

साहजिकच लोक छपराखाली मोजायच्या पद्धती शोधतात. विंड टनेलमध्ये गाडी उभी असते आणि वारा तिच्यावर सोडतात. वारा आपल्या हातात असल्यामुळे आकडा पुन्हा पुन्हा तोच येतो. आरशाचा आकार बदलून काय फरक पडला, हे कोस्टडाउनमध्ये कळणं कठीण, टनेलमध्ये दहा मिनिटांत कळतं. पण गाडी उभी असल्याने खालची जमीन हलत नाही आणि चाकं फिरत नाहीत. नव्या टनेलमध्ये चाकांखाली सरकते पट्टे असतात, तरी टायरचा हिशोब वेगळा काढून त्यात मिळवावा लागतो. आजच्या नियमांत ही पद्धत चालते, पण त्या टनेलचे आकडे आधी रस्त्यावरच्या कोस्टडाउनशी ताडून दाखवावे लागतात. शेवटचा शब्द अजूनही रस्त्याचाच.

दुसरी पद्धत टॉर्क मीटरची. चाकाच्या मध्यावर मापक बसवायचा, गाडी एकाच वेगात धरून ठेवायची आणि चाकाला किती पीळ द्यावा लागतो ते वाचायचं. मापक महाग आणि बसवायला किचकट, पण ज्या गाड्या न्यूट्रलमध्ये खऱ्या अर्थाने मोकळ्या होत नाहीत त्यांना हीच सोयीची. युरोपात ट्रकचा हवेचा विरोध अशाच तऱ्हेने मोजतात. आधी ताशी १०-१५ किलोमीटरने रांगायचं, मग ९० च्या आसपास पळायचं. हळू असताना हवा नगण्य आणि टायर तेच, तेव्हा दोन्हींची वजाबाकी म्हणजे हवेचा वाटा. ही युक्ती मला फार आवडते, कारण तिच्यात टायरचं भांडणच मिटून जातं.

नुसत्या रोलरवर मात्र रोड लोड मोजू नये. गोल रोलरवर टायर सपाट रस्त्यापेक्षा जास्त दबतो आणि विरोध फुगून येतो.

२०१६ सालचं जपान

पद्धतीवरून एवढी चर्चा कशाला, असं वाटेल. २०१६ मध्ये जपानमध्ये जे झालं ते बघा. २० एप्रिलला मित्सुबिशी मोटर्सने कबूल केलं की त्यांच्या सव्वासहा लाख छोट्या गाड्यांचे रोड लोडचे आकडे फिरवलेले होते. त्यांतल्या बऱ्याच गाड्या निस्सानच्या नावाने विकल्या जात होत्या, आणि गडबड निस्सानच्याच लक्षात आली. पुढे असंही निघालं की कायद्याने ठरवलेली कोस्टडाउनची पद्धत सोडून कंपनी १९९१ पासून, म्हणजे पंचवीस वर्षं, भलत्याच पद्धतीने मोजत होती. अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि वर्ष संपायच्या आत कंपनीचा ३४ टक्के हिस्सा निस्सानकडे गेला.

महिन्याभरात सुझुकी पुढे आली. (जपानमधल्या गाड्यांबद्दल बोलतोय, आपल्याकडच्या मारुतींबद्दल नाही.) त्यांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांची चाचणीची जागा समुद्राजवळ टेकडीवर आहे, तिथे वारा थांबत नाही, कोस्टडाउन जमत नाही. म्हणून विंड टनेलमधून हवेचा आकडा आणि इतर भागांचे आकडे वेगवेगळे मोजून त्यांनी बेरीज केली, आणि कागदावर मात्र ती कोस्टडाउन म्हणून दिली. नंतर रीतसर मोजल्यावर जाहीर केलेले मैल खाली आणावे लागले नाहीत. म्हणजे बेरीज बरोबर होती! माझ्या मते दोन्ही गोष्टी एका मापाने तोलू नयेत. पण वाऱ्यावर वैतागलेल्या सुझुकीच्या इंजिनिअरांबद्दल मला कितीही सहानुभूती वाटली, तरी एका पद्धतीने मोजून दुसऱ्या पद्धतीचं नाव लिहिलं की वाचणाऱ्याला तपासता येत नाही. आणि मोजणाराही तोच, सही करणाराही तोच, ही त्या व्यवस्थेची खरी खोट होती. मंडळाच्या हिशोबाला आपण बाहेरचा तपासनीस उगाच नेमत नाही.

अमेरिकेत ह्युंदाई आणि किया यांची गोष्ट २०१२ ची. गाडीमालकांच्या तक्रारी गेल्या, सरकारी प्रयोगशाळेने स्वतः तपासलं आणि मैलांचे आकडे खाली आणावे लागले. कंपन्यांनी मालकांना भरपाई दिली आणि २०१४ मध्ये दहा कोटी डॉलरचा दंड मान्य केला. आरोप असा होता की सगळ्या चाचण्यांची सरासरी घेण्याऐवजी सोयीचे निकाल निवडले गेले, पाठीवर वारा असतानाचेसुद्धा. तुमच्याआमच्यासारख्यांच्या तक्रारींतून हे निघालं, हे लक्षात घ्या.

आता त्या ६० मैलांच्या प्रश्नाकडे येतो. २०१४ च्या गाड्या युरोपच्या जुन्या चाचणीतल्या. तिचे नियम ढिले होते. फटींवर टेप लावणं, टायरमध्ये जास्त हवा भरणं अशा युक्त्यांवर त्या काळात बरंच लिहिलं गेलं. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने हिशोब काढला, तर कागदापेक्षा प्रत्यक्षात लागणारं इंधन २००१ मध्ये सुमारे ९ टक्के जास्त होतं, ते २०१५ पर्यंत ४२ टक्क्यांवर गेलं. ६० च्या जागी ४५ म्हणजे एक तृतीयांश जास्त पेट्रोल. तुम्ही एकटे नाही! सगळा दोष रोड लोडचा नाही, थंडीतल्या छोट्या फेऱ्या, एसी आणि आपला उजवा पायही त्यात आहे. पण २००१ नंतर या देशात गाडीचा टॅक्सही याच चाचणीतल्या आकड्यावर बसवला जाऊ लागला, कंपनीच्या गाडीवरचा प्राप्तिकरही. आकडा जितका छान, तितका टॅक्स कमी. तेव्हा तो छान दिसावा असं कोणाला वाटणार नाही?

२०१७ पासून आलेल्या नव्या चाचणीत रोड लोडचे नियम कडक झाले आहेत. तुम्ही मोठी चाकं किंवा काचेचं छत घेतलं, तर त्याचं वजन आणि विरोध तुमच्याच गाडीच्या आकड्यात धरले जातात. तरीही युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये गाड्यांच्याच आतल्या मापकांवरून काढलेली तफावत पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांसाठी सुमारे २० टक्के आहे. म्हणजे कमी झाली, संपली नाही. भारतातून गाडी घेणाऱ्या नातेवाइकांना एक सांगा, तिकडच्या आजवरच्या चाचणीचा सर्वांत जास्त वेग ताशी ९० किलोमीटर आहे. समृद्धी महामार्गावर १२० ने जाऊन एआरएआयचा ॲव्हरेज मागू नये. हवा चौपटीचा हिशोब विसरत नाही.

आता यंदाच्या स्टॉलबद्दल. अंदाज एक पाउंडालाच आहे, सगळे पैसे मदतनिधीत. या वेळची गाडी विजेची, बॅटरीसकट दोन हजार किलोंच्या पुढे, टायर कमी विरोधाचे. ओढ दोन्ही दिशांनी मोजू. आकडा अर्थातच सांगणार नाही. काकांनी "मग बाराशे" असं आत्ताच फोनवर कळवलं आहे. आणि त्या नऊ वर्षांच्या मुलीने, आता दहा वर्षांच्या, परवा मराठी शाळेत मला गाठून हळूच विचारलं, "काका, टायरमध्ये हवा किती भरणार आहात?"